नवी डबी

यकृताच्या पेशींना इजा झाली, की त्यांत मिसळलेलं द्रव्य हिरवं चमकायचं. प्रयोगशाळेत नव्या औषधाची परीक्षा चालू होती. प्लेटमधल्या पेशी भरलेल्या खळग्यांपैकी एक औषधाविना उरला, तेव्हा तिथल्या संशोधक तरुणीने गंमत म्हणून त्यात आईसाठी आणलेल्या नव्या डबीतली गुडघेदुखीची भुकटी विरघळवून घातली. निव्वळ झाडपाल्याची, तिनेच बाजारातून शोधून आणलेली. दुसऱ्या दिवशी अंधार करून पाहिलं, तर नव्या औषधाचे सगळे खळगे काळेच होते. सरांचा जीव भांड्यात पडला. “पण हा कोपऱ्यातला एवढा का पेटलाय? कुठलं विष ओतलंस बाई?” कोटाच्या खिशातली डबी तिने घट्ट धरली. तेवढ्यात आईचा फोन आला. “अगं, अन्नावरची वासनाच उडालीय, पण गुडघे कसे हलके झालेत! तू दिलंयस, म्हणून डोळे मिटून घेते. येताना नवी डबी तेवढी विसरू नकोस हं.”