अर्ध्या तोंडाचं अस्वल

"ते काका काय खातायत?" पुढे बसलेल्या एका मुलानं विचारलं.

"खात नाहीत, ओली करतायत," गोष्ट सांगायला आलेली जिनेट म्हणाली. "वाद्याच्या तोंडाला लावायची वेताची पत्ती आहे ती. कोरडी असली तर वाजत नाही."

आर्वोनं पत्ती तोंडात तशीच ठेवून मान डोलावली. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. ती त्यानं रुमालानं टिपली, मग उजवा डोळाही टिपला. जानेवारीत एका सकाळी तो उठला तेव्हा चेहऱ्याची ती बाजू लुळी पडलेली होती. आता मार्च संपत आला होता. ओठ थोडा वळायला लागला होता, पण फुंकताना अजून घट्ट मिटत नव्हता. बॅसूनसारखं लांब नळीचं, फुंकून वाजवायचं वाद्य अर्ध्या ओठानं वाजत नाही.

कॅनडातल्या थंडर बेच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडताना त्यानं जिनेटला सांगून टाकलं होतं, "आज जमलं नाही, तर दुपारी ऑर्केस्ट्राला फोन करतो. माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून."

"हे कार्यक्रमाच्या आधी सांगायलाच हवं होतं का?"

"नंतर सांगितलं असतं तर जेवण बिघडलं असतं तुझं. आणि मी अडलो, तर पॉलाला खूण कर. गोष्टीतल्या अस्वलाची सुरावट ती चेलोवर घेईल."

"अस्वल चेलोवर? मुलं मला फाडून खातील."

आता गोष्ट रंगात आली होती. दुसरीच्या मुलांनी निळी चादर ताणून धरली होती; ते गोठलेलं तळं. चादरीमागच्या गादीवर ओवेन नावाचा मुलगा आडवा पडून घोरत होता. तो गळ टाकून बसल्या बसल्या झोपलेला मासेमार. पॉला चेलोची तार बोटानं छेडत होती. प्रत्येक टणत्काराला जिनेट मुलांकडे बघे आणि मुलं हळू आवाजात म्हणत, "बर्फ तडकला."

"आता त्याला उठवणार कोण?" जिनेटनं विचारलं. "किनाऱ्यावर गुहा आहे. गुहेत अस्वल आहे. ते जागं झालं, बाहेर आलं, आणि त्यानं जोरात..."

आर्वोनं श्वास घेऊन फुंकलं. फस्स् झालं. त्यानं ओठ आवळून पुन्हा फुंकलं. पुन्हा फस्स्.

मुलं हसली. "अस्वल पादलं," कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळीच लोळायला लागली. वर्गाच्या शिक्षिका मिस कोवाल्चुक यांनी मागून दम दिला. पॉलानं गज तारांवर टेकवला आणि ती जिनेटच्या खुणेची वाट बघू लागली.

जिनेटनं तिच्याकडे बघितलंच नाही.

"आवाज का येत नाही रे याचा?" तिनं मुलांना विचारलं.

"आत्ताच उठलंय ना," एक जण म्हणाला. "माझे आजोबापण कॉफी घेईपर्यंत बोलत नाहीत."

"तसं नाही." चादरीचा कोपरा धरलेली टेसा आर्वोकडे निरखून बघत होती. "त्याचं अर्धं तोंड झोपलंय. दाताच्या डॉक्टरनी सुई दिली तेव्हा माझं पण झोपलं होतं. ज्यूस सगळा बाहेर आला."

"मग तू काय केलंस?"

"इथे बोट दाबून धरलं."

आर्वोनं बॅसूनकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात कळांवर होते.

"त्याला तर बोटं मोकळी नाहीत," जिनेट म्हणाली.

"लवकर करा ना," गादीवरून ओवेन म्हणाला. "मी बुडेन इथे."

टेसानं चादरीचा कोपरा शेजारणीच्या हातात दिला. ती आर्वोच्या खुर्चीपाशी आली आणि थांबली.

"हात धुतलेत का?" आर्वोनं विचारलं.

"सकाळी."

तिनं बोट स्वेटरला पुसलं. आर्वोनं मिस कोवाल्चुककडे बघितलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग तो खाली वाकला आणि टेसानं त्याच्या ओठाचा उजवा कोपरा गालासकट दाबून धरला, दुखेल इतका.

आर्वोनं फुंकलं.

आधी खरखर आली. मग तिच्या खालून सूर आला, जाड, खोल, जमिनीतून यावा तसा. सुरावटीची पहिली ओळ निघाली. दुसरी मध्येच फाटली, पण तोपर्यंत ओवेन ताडकन उठून किनाऱ्याकडे पळत सुटला होता आणि चादर धरलेली मुलं ती हलवायची विसरली होती. पॉलानं गज खाली घेतला. आर्वोनं सुरावट शेवटपर्यंत नेली. उजव्या डोळ्याला हल्ली पाणी यायचंच; आता डाव्यालाही आलं होतं.

"थँक यू," तो टेसाला म्हणाला. बोट तिथेच असल्यामुळे ते नीट आलं नाही.

"बोलू नको," टेसा म्हणाली. "हवा जाते."

"टेसा, ये आता, जागेवर बस," मिस कोवाल्चुक म्हणाल्या.

"नाही येता येणार, मिस. गोष्ट संपली नाही अजून."

गोष्टीचा शेवट जिनेट वर्षानुवर्षं एकच सांगत आली होती. मासेमार घरी गेला. त्यानं गुहेपाशी एक मासा ठेवला. वसंत यायला अजून अवकाश होता.

"आणि अस्वल," ती म्हणाली, "अस्वल पुन्हा गुहेत गेलं आणि..."

ती थांबली. तिनं आर्वोकडे बघितलं.

"झोपलं का रे ते?"

आर्वोनं पत्ती तोंडात धरूनच नाही म्हणून मान हलवली, एकदा इकडे, एकदा तिकडे. त्याच्या गालाबरोबर टेसाचा हातही इकडून तिकडे गेला.