फाटकाबाहेरचे जिताडे

गुणाबाईने लाथ मारली आणि टोपली आडवी झाली. चांदीसारखे जिताडे फाटकाबाहेरच्या चिखलात घसरत गेले.

"शिळी मासली विकते," ती अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी म्हणाली. "उद्या खाऊन कोण आजारी पडला की नाव आमच्या बाजाराचं."

"कल्ले तरी उघडून बघ गो," गोदूबाई मासे वेचत म्हणाली. "पाटंचं म्हावरं हाय. उलव्याच्या खाडीतलं."

"उलव्याला खाडी उरलीय कुठं? इमानतळ झालाय. जा, इमानात बसून वीक."

ओट्यांवरच्या बायका हसल्या. गुणाबाईने कल्ले बघितले नाहीत. वाकलीसुद्धा नाही.

तिचा मुलगा भावेश हातात फोन धरून उभा होता. मागे बाजार नीट दिसावा म्हणून तो फोन फाटकाकडे वळवून कोन बघत होता. भांडणाकडे त्याचं लक्ष नव्हतं. ते रोजचंच. या बाजारात ओटा सासूकडून सुनेकडे जातो. जिला ओटा नाही, तिने फाटकाच्या आत यायचं नाही. गुणाबाई बाजाराची पुढारीण झाल्यापासून फाटकाबाहेरही टेकायचं नाही.

आणि भावेशच्या डोक्यात आज दुसरंच फाटक होतं.

द्रोणागिरीच्या गोदामातली नोकरी सोडून त्याने 'म्हावरा' नावाचं ॲप बनवलं होतं. खारघरच्या टॉवरमधल्यांनी फोनवर मागवायचं, बाजारातल्या बायकांनी साफ करून पाठवायचं. पंधरवडाभर छान चाललं. मग फोन बनवणाऱ्या कंपनीने आपल्या ॲप-दुकानातून ते काढून टाकलं. कारण एका ओळीचं: वापरणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी. टॉवरमधल्यांच्या हातात नेमका त्याच कंपनीचा फोन. त्या फोनात कंपनीच्या दुकानाखेरीज बाहेरून काही घेताच येत नाही.

आता सरकारी समिती बसली होती. फोन कंपन्यांना बाहेरची ॲपंही घेऊ द्यायला भाग पाडावं की नाही, यावर सुनावणी. भावेशला व्हिडिओवर बोलायला बोलावलं होतं, सोबत बाजारातलं कोणी असलं तर बरं. आज हरला की उद्यापासून पुन्हा गोदाम. गोदामवाल्या मुकादमाला तसं सांगूनही ठेवलं होतं.

"तुज्या फोनच्या भांडणात मला कशाला घेतोस?" गुणाबाई सकाळपासून कुरकुरत होती.

"आये, फक्त एकच वाक्य बोलायचं."

ठरलेलं वाक्य: दार सगळ्यांना उघडं पाहिजे.

तिने ते पाठ केलं होतं. कोयत्याला धार लावता लावता.

फोन बर्फाच्या पेटीला टेकवून ठेवला. कॉल भावेशने मघाशीच जोडून ठेवला होता; आता पडद्यावर चौकोन उमटले. एका चौकोनात समितीचे अध्यक्ष, एकात कंपनीच्या वकीलबाई. मागे पुस्तकांचं कपाट, आवाज मऊ.

भावेश बोलला. चिडून बोलला, पण बरं बोलला. "यांनी माझं ॲप उघडूनसुद्धा बघितलं नाही, साहेब. नुसतं हाकललं." अध्यक्षांनी मान हलवली. भावेशला वाटलं, जमलं.

"मला मावशींशी बोलायचंय," वकीलबाई म्हणाल्या. "मावशी, सुनावणी सुरू व्हायच्या आधीपासून तुमचा कॅमेरा चालू होता. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, ऐकलं. तुम्ही फाटकाबाहेरच्या एका बाईची टोपली उलटी केलीत."

भावेशने वळून फाटकाकडे बघितलं.

 

"मी तुम्हाला दोष देत नाही," वकीलबाई हसल्या. "उलट बरोबरच केलंत. बाहेरचा माल. कुणी तपासलेला नाही. गिऱ्हाइकाला काही झालं तर नाव तुमच्या बाजाराचं. हे तुमचेच शब्द. आमची कंपनी याहून वेगळं काय करते?"

बर्फाचं पाणी ओट्यावरून ठिबकत होतं. अध्यक्ष काहीतरी लिहू लागले.

"आये," भावेश दातांतून म्हणाला, "चूक झाली म्हण. तिची माफी मागते म्हण."

"माफी कसली? मी काय चोरी केली?" तिने त्याला कोपराने बाजूला ढकललं आणि पडद्याच्या एवढी जवळ गेली की चौकोनात नुसती तिची नथ मावली. "बाई, तुमी कंपनीच्या ना?"

"हो."

"मंग तुमाला ठाऊक असंल. सायबांना ठाऊक नसंल, म्हणून सांगते." तिने कोयता ओट्यावर ठेवला. "ही माजी सुरमय बगा. ट्रकातून आली, कालपासून बर्फात हाय. त्या गोदूचे जिताडे पाटंचे. ती फाटकात बसली की माज्या ओट्याकडं कुत्रं फिरकायचं नाय. दार माज्या हातात हाय तवर मी ते उघडणार नाय. उद्याबी लाथ मारीन. कोणी उघडायला लावलं तरच उघडंल."

फाटकाशी गोदूबाई टोपली डोक्यावर चढवता चढवता थांबली होती.

"पण मावशी," वकीलबाईंचा आवाज आता तेवढा मऊ नव्हता, "मासे शिळे होते, असं तुम्हीच म्हणालात."

"ताजे व्हते. लांबूनच दिसत व्हते." गुणाबाई चिखलातल्या खवल्यांकडे बघत म्हणाली. "शिळे असते तर बसू दिली असती."