रुसव्याची वेळ

रुसव्याला किती वेळ धरायचा, यावर घोडं अडलं होतं.

बाकी सगळं बसलं होतं. हळद, नवरीची तयारी, कारध्याच्या लॉनवर वरातीचं स्वागत, पंगती, पाठवणी. नागपूरला कंपनीत असलेल्या भूषणने धाकट्या बहिणीच्या, रुचिताच्या, लग्नाचा अख्खा दिवस लॅपटॉपवर रंगीत चौकटींत मांडला होता. नदीच्या पुलावर गाड्या अडकतील म्हणून त्यालाही वेळ ठेवला होता. एकच चौकट रिकामी होती. तिच्यावर त्याने लिहिलं होतं, ‘भाऊजी’.

“अर्धा तास टाकू का, बाबा?”

“अर्ध्या तासात काय होते? टीनाच्या वक्ती वरातीतले म्हातारे मनवाले गेले, तरी वापस येऊन नव्हता राहिला जवाई!”

केशवराव ओसरीवर येरझारा घालत होते. बसायचे, की लगेच उठायचे. सुताच्या व्यापारात केस पांढरे झालेला माणूस. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच ते ओळखायचे, हा घेणार की नुसता हात लावून जाणार. थोरला जावई मात्र त्यांच्या हिशेबात कधी बसला नाही. एकोडीचे खेमराज, मंजुषाचे यजमान, एरवी गरीब गाय. भाजीत मीठ नसलं तरी न बोलता जेवून उठतील. पण सासरी लग्न असलं आणि वरात दारात आली, की त्यांचं बिनसलंच. मधल्या रीताच्या लग्नात फेटा गुलाबी दिला म्हणून गच्चीवर जाऊन बसले. पुतणी टीनाच्या लग्नात सोफ्याऐवजी खुर्ची दिली म्हणून चपला घालून निघाले. अर्धा मांडव त्यांच्यामागे धावला.

तसं जावयाने रुसावं, हे रीतीला धरूनच आहे. नाही रुसला तर बायकाच विचारतात, तब्येत बरी नाही का याची? पण रुसण्यालाही काळवेळ असतो. पोटभर जेवावं, पान खावं, मग रुसावं. मुहूर्ताच्या तोंडावर कोण रुसतं?

आणि या खेपेला व्याही सिहोऱ्याचे, घड्याळाचे पक्के. साखरपुड्यातच म्हणाले होते, “गोधूळीचा मुहूर्त टळला त आमी वरात वापस नेतो बरं का.” सगळे हसले होते. केशवराव तेव्हापासून धड झोपले नव्हते. डोळा लागला की त्यांना रुचिता हार घेऊन उभी दिसायची आणि वरातीच्या गाड्या पाठमोऱ्या.

“असं करू,” भूषण म्हणाला, “भाऊजीले पाहुणे आणाले स्टँडवर पाठवू. अक्षता पडल्या की बलावून घेऊ.”

“आन् मंजुषाले काय सांगू? नवरा मांडवात नाही म्हनून तीच रुसंल!”

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. खेमराजच होते. मागच्या सीटवर घरच्या तांदळाचं पोतं बांधलेलं. ते त्यांनी ओसरीवर आणून टेकवलं. सासूने, कौशल्याबाईंनी, पाणी दिलं. केशवरावांनी त्यांना ते पिऊही दिलं नाही.

“जवाईबापू, हात जोडतो. रुचिताच्या लग्नात रुसू नका. काय पायजे ते आताच सांगा. फेटा, सोफा, काय असंल ते.”

खेमराजांनी गडू खाली ठेवला. एकदा सासूकडे पाहिलं. मग खाली मान घातली.

“काही नाही पायजे, मामाजी.”

“मंग नाही रुसत म्हना. माह्या पोरीची शपथ घ्या.”

जावई जरा घुटमळले. पुन्हा सासूकडे पाहिलं. कौशल्याबाई पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या.

“घेतली शपथ. नाही रुसत.”

खेमराज पोतं उचलून आत गेले. भूषणने ती चौकट पुसली. खालच्या सगळ्या चौकटी एकेक घर वर सरकल्या. आता मुहूर्ताआधी चहा घ्यायलाही वेळ उरत होता. केशवराव खुर्चीत मागे रेलले. इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते एका गडू पाण्यात जमलं होतं.

आता कौशल्याबाई फेऱ्या घालू लागल्या. फाटकापर्यंत जायच्या, परत यायच्या.

“आता तू काहून फिरून राहिली?” केशवराव म्हणाले. “झालं ना सारं!”

“अजी, रीताची वरात दारात आली तवा भात कच्चा होता. ठाऊक हाये तुमाले?”

“नाही. मी त तवा गच्चीवर...”

“टीना त हार घ्याच्या आधी चक्कर येऊन पडली होती. उपाशी होती पोरगी. वरातीतल्या बायांनी पायलं असतं त म्हनल्या असत्या, पोरीले बिमारी हाये. साखरपानी पाजून उभी करेपर्यंत एकानं इकडं फिरून पायलं नाही. सारे जवायाच्या मागं.”

केशवरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आत खेमराज पोतं रिकामं करत होते, तांदूळ पिंपात पडल्याचा आवाज येत होता. कौशल्याबाईंनी आवाज खाली आणला.

“तुमी त त्याच्याकून शपथ घेऊन बसले. आता आयत्या वक्ती काही झालं त मी कोनाले रुसाले सांगू?”