आठ वळणं, दोन सरळ रस्ते

आठव्या वळणावर लाल गाडी पुन्हा कठड्याला घासली. अठ्ठावन्न पॉइंट एकतीस सेकंद. दीपाने दातांखाली ओठ दाबला.

ती भिंतीला टेकून बसली होती. फोन दोन्ही हातांत आडवा धरलेला, आणि पायाच्या अंगठ्यात साडीच्या झोळीची दोरी. झोळीत आठ महिन्यांचा सोनू. पायाने झोका द्यायचा, हाताने गाडी हाणायची, असं तासभर चाललं होतं. दोन वाजता गेममधली आठवड्याची स्पर्धा बंद होणार होती. यादीत पहिल्या दहांचीच नावं झळकत, आणि ती बारावी होती. दहाव्याची वेळ सत्तावन्न पॉइंट अठ्ठ्याण्णव. दोनला दहा मिनिटं कमी.

"काय पाहून राह्यली, सोनूची माय?"

दारात मारोतराव उभे. सगळी गल्ली तिला याच नावाने हाक मारी. तिचे सासरे वावरातून कधी आले, तिला कळलंच नाही. तिने पदर सावरला, फोन मांडीखाली सारला.

"काही नाही जी, मामाजी. सोनू झोपत नव्हता म्हणून..."

"थो तं कवाचा झोपला. गाडीचा आवाज आला मले. चालू दे, पाहू तं दे."

ते उंबऱ्याशीच उकिडवे बसले. अंतर राखून, पण मान लांब करून. दीपाने बिचकतच फोन वर काढला.

"ही लालच कायले घेतली?"

"सगळ्यात जास्त पळते. तीनशे चाळीस."

"वळणं किती हायेत?"

"आठ."

"अन् सरळ रस्ता?"

"दोनदाच येते. तिसऱ्या वळणानंतर, अन् मंग आठव्यानंतर."

"मंग सरळ पळणारी जोडी असल्या रस्त्याले कायले जुंपली, बाप्पा?"

दीपा हसायला गेली आणि हसता हसता थांबली. गाड्यांच्या यादीत अगदी खाली एक पिवळी गाडी होती. बुटकी, बेडकासारखी, दोनशे नव्वदच्या वर न जाणारी. तिने ती कधी उघडून पाहिली नव्हती. आता पाहिली. पहिल्याच फेरीत अठ्ठावन्न पॉइंट शून्य पाच.

"पाह्य," मारोतराव मिशीत हसले. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पण प्रत्येक वळणावर मांगची चाकं अशी फेकून कायले देतं? धुरळा झकास उडते म्हना."

"त्याले ड्रिफ्ट म्हणतात, मामाजी. गाडी घसरली का नायट्रो भरते. मंग बटन दाबलं का सुसाट."

"सुसाट कुठं? बटन दाबलं का पुढचं वळण येते, अन् तू ब्रेक मारतं."

दीपाने मनातच पहिल्या वळणापासून गाडी हाकली. सगळा रस्ता तिच्या डोळ्यांपुढे उलगडला. पहिल्या वळणावर कमावलेला वेग दुसऱ्याच्या ब्रेकमध्ये जळत होता. प्रत्येक वळणावर तेच. घसरायचं ते फक्त तिसऱ्या आणि आठव्या वळणावर, कारण त्यांच्यापुढेच रस्ता मोकळा. बाकीची सहा वळणं आतल्या कडेने, गुपचूप.

"थांबा जी मामाजी," ती म्हणाली.

दोनला दोन मिनिटं.

पहिलं वळण, दुसरं. पिवळी गाडी शहाण्या पोरीसारखी कडेकडेने गेली. तिसऱ्यावर दीपाने तिला सोडली. गाडीची मागची बाजू फिरली, नायट्रोची निळी पट्टी भरली, आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी बाणासारखी सुटली. पाचव्या वळणाला झोळी हलली. सोनूने कुरकुर केली. पाय ओढावा तर हात चुकत होता.

मारोतराव उठले. दोन पावलं पुढे आले आणि अडखळले. दोरी सुनेच्या पायात होती. त्यांनी ती मधेच, हवेतल्या हवेत धरली आणि बेताने ओढू लागले.

"तू रस्ता पाह्य," ते पुटपुटले. त्यांची नजरही रस्त्यावरच होती.

सहावं. सातवं. आठव्यावर गाडी घसरली, घसरत राहिली, आणि दीपाला वाटलं, गेली. पण ती कठड्यापासून बोटभर अंतरावरून सरळ झाली.

सत्तावन्न पॉइंट चौऱ्याण्णव.

यादी हलली. दहाव्या ओळीवर नवं नाव चढलं. मारोतराव वाकले.

"तुयं कोणतं?"

दीपाने नख टेकवलं.

"का लिहिलं हाय?"

"इंद्रजित," दीपाने नवऱ्याचं नाव वाचलं.

"इंद्रजित तं सकाळपासून महागावले हाय."

"फोन त्यांचा जुना ना जी. खातं त्यांनीच उघडलं होतं. आपण खेळलो तरी नाव त्यांचंच येते."

मारोतराव झोका देत राहिले. सोनू पुन्हा शांत झाला.

"मी बारा वर्सं शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडी हाकलली," ते म्हणाले. "घड्याळ लावून पळवत. जोडी पाटलाची. नंबर आला का भोंग्यावर पाटलाचं नाव पुकारत. मी आपला कपडे झटकत राहो."

"राग नाही आला कधी?"

"तवा नाही आला."

त्यांनी दोरी तिच्याजवळ जमिनीवर ठेवली आणि अंगणात गेले. तोंडाशी हाताचा भोंगा केला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "सत्तावन्न पॉइंट चौऱ्याण्णव! दीपाऽऽ!"

भिंतीपलीकडे शेजारची विमलताई भांडी घासत होती. घासण्याचा आवाज थांबला.

"कोन दीपा, जी भाऊ?"