झरा, बारमाही

झरा : ४१.६ किलोमीटर

"काका, हे चौथं यंत्र," दुकानवाली म्हणाली. "जावई निवडतानासुद्धा लोक एवढी चिकित्सा करत नाहीत."

नकाशेकार हसला नाही. आधीच्या तीन जीपीएसप्रमाणे त्यानं हाही हातात घेतला, पडद्यावरचा नकाशा डोंगरांच्या वरच्या कोपऱ्यात सरकवला आणि थांबला. इथंही होता. दोन कड्यांच्या बेचक्यात निळा ठिपका, शेजारी बारीक अक्षरं : झरा, बारमाही.

चार कंपन्यांचे चार नकाशे आणि चारही ठिकाणी तोच ठिपका. कुणीही जाऊन पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांनी जुन्या सरकारी नकाशावरून डोळे झाकून उतरवून घेतलं होतं.

तो जुना नकाशा त्यानं काढला होता. तेहेतीस वर्षांपूर्वी, मोजणी खात्यात असताना.

खात्याचा नियम साधा होता. पाणी दाखवायचं तर तिथवर चालत जायचं, ओंजळभर पिऊन बघायचं, मग वहीत खूण करायची. त्या बेचक्यात तो गेलाच नाही. घरी बायको तापानं फणफणली होती. शेवटच्या दिवसाची पायपीट टाळून त्यानं परतीची गाडी धरली. विमानातून काढलेल्या फोटोत बेचकं गडद दिसत होतं. गडद म्हणजे झाडी, झाडी म्हणजे पाणी. टेबलाशी बसून त्यानं ठिपका दिला. 'बारमाही' तर निव्वळ लिहिण्याच्या ओघात आलं.

हे फक्त बायकोला माहीत होतं. "असेल हो पाणी," ती म्हणायची आणि कूस बदलायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता 'असेल हो' म्हणायलाही घरात कुणी नव्हतं.

दुकानवालीनं समजावलं, की बोटानं चालणारा पडदा घामेजल्या हाताला दाद देत नाही, बटणांचाच घ्या. साध्या सेलवर चालतो, वाटेत संपले तर बदलता येतात. कागदी नकाशाही बरोबर असू द्या, कारण यंत्र आपटलं की मुकं होतं, कागद होत नाही. पाणीच बघायचं असेल तर ठिपक्याच्या अलीकडे एक तलाव आहे, तोही तिनं दाखवला. त्यानं नकारार्थी मान हलवली. जवळपास कुठंतरी पाणी भेटलं असतं, तर त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली असती. त्याला नेमका तोच ठिपका हवा होता.

"अडचण आली तर हे यंत्र घरी निरोप पाठवतं," ती म्हणाली. "कुणाचा नंबर टाकू?"

त्यानं पाकीट काढून पैसे मोजले.

"राहू दे रिकामं."

झरा : ३.८ किलोमीटर

बस शेवटच्या थांब्याला वळून निघून गेली. उतरलेला तो एकटाच.

जुन्या सवयीनं तो पावलं मोजत चालू लागला. पिशवीत दोन बाटल्या होत्या आणि एक पत्र. चारही कंपन्यांना जायचं होतं ते. झरा खोटा आहे, मी काढला, पुसून टाका, खाली सही. पाणी नसलं तर पत्र पेटीत टाकायचं. मग त्याचं नाव कुणी कसंही घेवो. तो खात्यात असेपर्यंत एकही तक्रार आली नव्हती, पण निवृत्तीनंतर खात्यातलं त्याला कोण सांगणार? त्या ठिपक्याच्या भरवशावर कुणी रिकामी बाटली घेऊन आलं तर, हा विचार त्याला जेवताना यायचा. एकट्याचं जेवण तसंही लवकर आटपायचं.

झरा : ४०० मीटर

बेचकं समोर आलं. झाडी नव्हतीच. फोटोतला तो काळोख कड्याची सावली होती. उन्हात तापलेला उघडाबोडका दगड, गवताची काडी नाही.

तरी तो चालला. नियम नियम होता.

झरा : ० मीटर

आधी आवाज आला. मग दिसलं. खडकाच्या कपारीतून नळीचं तोंड बाहेर आलेलं, त्यातून थेंब थेंब पाणी, आणि खाली दगडाचं काठोकाठ भरलेलं कुंड.

त्यानं ओंजळ भरली. गार, गोड पाणी. तेहेतीस वर्षं उशिरा त्यानं ते पिऊन बघितलं, आणि मग त्याला हसू आवरेना. "होतं गं," तो मोठ्यानं म्हणाला. कड्यानं ते दोनदा परत ऐकवलं. त्यानं पत्र काढून फाडलं, तुकडे नीट खिशात ठेवले.

"प्या आजोबा, पोटभर प्या. आणलंय अजून."

पन्नाशीची एक बाई चढ चढून येत होती. पाठीला दोन मोठे कॅन, चेहरा घामानं निथळलेला. ती थेट खडकामागे गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला. तो मागोमाग गेला. तिथं सावलीत एक प्लास्टिकची टाकी होती. नळी तिच्यातूनच निघाली होती.

"मग झरा?" त्यानं विचारलं.

"झरा कुठला? इथं कधीच नव्हता." तिनं दुसरा कॅन उचलला. "माझा मुलगा आला होता नकाशा बघून. तिसऱ्या दिवशी सापडला, जीव नव्हता. बाटली कोरडी होती."

कॅन रिकामा झाला. तिनं टाकीचं झाकण फिरवून घट्ट लावलं.

"छापलेले नकाशे काय घरोघरी जाऊन परत घेणार? म्हणून पाणीच आणते."