चाळीस सेकंद मागे

विश्रामरावांच्या कृत्रिम डोळ्यांत सकाळपासून चित्र अडकत होतं. आवाज वेळेवर यायचा, दृश्य मात्र चाळीस सेकंद मागे. दवाखान्यात बायकोचा हात धरून ते फोनवर कंपनीच्या मुलीला झापत होते.

"चहा घेतलात का?" सुलभाने क्षीण आवाजात विचारलं. त्यांनी तिचा हात दाबून तिला गप्प केलं.

"काका, मेमरी भरलीय. पुसली की चित्र आवाजाला येऊन मिळेल."

"मग पुसा एकदाची!"

सुलभाचा हात सैल पडला. मॉनिटर एकसुरी वाजू लागला. विश्रामरावांच्या डोळ्यांसमोर मात्र ती अजून हसत होती.

"थांबा, पुसू नका!"

"आता थांबवता येत नाही, काका."

समोर सुलभाचे ओठ हलले. चहाचंच विचारत होती.

"नाही गं, घेतो," ते घाईघाईने म्हणाले, आणि चित्र आवाजाला येऊन मिळालं.