अंगठ्याएवढा बॉयलर

डॉक्टर निशिगंधांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि इंजिनाच्या इतक्या जवळ नाक नेलं, की मालोजींना वाटलं, संपलं आता सगळं.

"सिलिंडरात पाणी नाही साठत, काका?"

"आधी तापवून घेतो ना," मालोजी म्हणाले. उत्तर तयारच होतं. खोटं बोलायला लागल्यापासून त्यांच्याकडे सगळ्याची उत्तरं तयार असत.

पोलादपूरच्या त्यांच्या घरी जेवायच्या टेबलावर रूळ मांडले होते, बोटभर रुंदीचे. त्यावर पितळेचं इंजिन उभं. अंगठ्याएवढा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, मागे कोळशाचा डबा. वाफ खरी होती. ती फक्त गाडी ओढत नव्हती. ती सरळ धुरांड्यातून निघून जायची, आणि चाकं फिरवायची ती डब्यातल्या कोळशाच्या ढिगाखाली दडवलेली खेळण्यातली मोटर.

हे मालोजींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोला, प्रयागबाईंनाही नाही.

दोष द्यायचाच तर डॉक्टरांना द्यावा. महाडला त्यांचा दातांचा दवाखाना. दात कोरायच्या हत्यारांनी त्या फावल्या वेळात आगगाड्याही कोरत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी छंदवाल्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला: एवढंसं इंजिन, खऱ्या वाफेवर, टेबलभर फेऱ्या मारतंय. मालोजींनी एमआयडीसीतल्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळलेला. दातवाल्या बाईला जमतं ते आपल्याला नाय जमणार? असं चारचौघांत बोलून बसले आणि अडकले.

चार बॉयलर वाया गेले. इतक्या बारीक नळीत वाफेचं पिस्टनपर्यंत पोचेतो पाणीच होऊन जाई. इंजिन दीड वीत चाले, गरम पाणी थुंके आणि थांबे. मालोजी डॉक्टरांचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत. त्यांचं चालतं म्हणजे चूक आपल्याच हातात, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. शेवटी एका दुपारी मोटर बसवली. एकदाच, म्हणून.

ग्रुपच्या महाडच्या बैठकीत त्यांनी ते चालवलं, तेव्हा निम्मे लोक टेबलापासून लांब सरकले होते. विजेच्या गाड्या चालवणारा विनीत तर म्हणाला होता की ही गाडी नाही, सुतळी बॉम्ब आहे, आणि माझ्या रुळांवर तेल सांडलंत तर पुसायला तुम्हालाच बसवीन. डॉक्टर त्या दिवशी नव्हत्या. पण गाडी फिरली, बातमी त्यांच्यापर्यंत गेली, आणि आज तोच विनीत त्यांना आपल्या गाडीतून घेऊन आला होता, मोबाइल सरसावून. छोट्या आगगाड्यांच्या पुण्याच्या मेळाव्यात डॉक्टर स्वतः मालोजींचं नाव पुढे करणार होत्या.

"वळणावर दम टिकतो?" डॉक्टरांनी विचारलं. मग तेल कुठलं घालता, झडप किती उघडता, नळीला काय गुंडाळता. बॉयलर इन्स्पेक्टरनं कधी इतकं छळलं नव्हतं. बाई एकेक दात हलवून बघतेय, मालोजींना वाटलं. किडका सापडेपर्यंत सोडायची नाय.

"धुरांड्यावरचं कुंकू पुसू नका हां," चहा घेऊन आलेल्या प्रयागबाई म्हणाल्या. "दसऱ्याला मी लावलंय. यांचा हात काय उठला नाय."

कारखान्यात दर दसऱ्याला बॉयलरची पूजा मालोजींच्याच हातची. यंदा या इंजिनापुढे बसले आणि पाठ दुखते म्हणून उठले होते.

चालवा ना, डॉक्टर म्हणाल्या.

मालोजींनी दिवा पेटवला. वाफ धरल्यावर बोटाआडून डब्याखालची कळ दाबली, आणि इंजिन निघालं. पहिल्या फेरीला विनीत हसला. दुसरीला गप्प झाला. तिसरीला म्हणाला, काका, त्या दिवशी बोललो ते मनावर घेऊ नका. मालोजींना ते ऐकवेना. त्यांनी मान फिरवली, तर डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी.

"मला शिकवाल, काका?" त्या म्हणाल्या.

एवढी जाणती बाई, आणि शिकवा म्हणते. त्यापेक्षा तिनं थोबाडीत दिली असती तर सोसली असती. मालोजींनी इंजिन थांबवलं, दिवा विझवला आणि काळ्या खड्यांचा ढीग नखानं उचलला. खाली तारा, बॅटरी, मोटर.

"वाफेवर नाय चालत हे," ते म्हणाले. मान वर होत नव्हती. "कधीच नाय चाललं. तुमचं बघून लय झटलो, डॉक्टर. मेळाव्यात माझं नाव घेऊ नका."

विनीतचा हात मोबाइलसकट तसाच हवेत राहिला. प्रयागबाईंनी वाकून तारा पाहिल्या.

"म्हंजी मी कुंकू बॅटरीला लावलं?" त्या म्हणाल्या.

"विनीत, मोबाइल बंद कर," डॉक्टर म्हणाल्या.

त्यानं केला. डॉक्टरांनी चष्मा नाकावर घेतला आणि उघडा डबा बराच वेळ न्याहाळला. मालोजी टेबलाची कड धरून उभे होते. आता काय म्हणायचं ते म्हणून टाका, असं त्यांना झालं होतं.

"कोळशाच्या डब्यात," शेवटी त्या म्हणाल्या, अगदी हळू. "मी माझी मोटर पाण्याच्या टाकीत लपवलीय."